नागपुरात पीसी घेताना मी वॅट का मोजतो

दर उन्हाळ्यात मला दोन प्रकारचे मेसेज येतात. एक, "भाऊ साठ-सत्तर हजारात कुठला पीसी असेंबल करू", आणि दुसरा, "भाऊ मागच्या वर्षी घेतलेला पीसी दुपारी आधी स्लो होतो आणि मग एकदम बंदच पडतो, व्हायरस असेल का". व्हायरस कुठला राजेहो. बाहेर ४५ आहे, खोलीत ३८ आहे, पीसी टेबलाच्या खणात कोंबलाय, पुढून पूर्ण काच, मागून भिंत, आणि आत अडीचशे वॅट खाणारा प्रोसेसर. स्लो होतो तो प्रोसेसर, स्वतःला वाचवायला वेग कमी करतो म्हणून, आणि बंद पाडतो तो बहुतेक वेळा एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज पुरवणारा डबा, ज्याच्याबद्दल विकत घेताना कोणी एक प्रश्न विचारलेला नसतो.

रिव्ह्यू मी पण बघतो, गरजेपेक्षा जास्तच बघतो. पण ते सगळे लोक २१-२२ डिग्रीच्या खोलीत बसून टेस्ट करतात आणि त्यांच्याकडे लाईट जात नाही. ह्या दोन गोष्टी बदलल्या की कुठला पार्ट आधी आणि कुठला नंतर ही पूर्ण उतरंडच बदलते, आणि ते कुठल्या चार्टमध्ये दिसत नाही. हीटसिंक, म्हणजे प्रोसेसरवरचा पात्यांचा धातूचा ठोकळा, काही थंडी तयार करत नाही, तो प्रोसेसरला फक्त खोलीच्या तापमानाच्या वर अमुक इतक्या डिग्री ठेवतो. म्हणजे तिकडे २२ च्या खोलीत ७५ दाखवणारा प्रोसेसर आपल्या ३८ च्या खोलीत साधारण ९१ दाखवणार, त्याच कूलरवर, त्याच पेस्टवर. त्यात कोणाची फसवणूक नाही, साधी बेरीज आहे. म्हणून मी आता कोणालाही सल्ला देताना आधी वॅटचं बजेट ठरवतो आणि रुपयांचं नंतर. माझा आकडा विचाराल तर पूर्ण लोडवर सगळं मिळून ३०० वॅटच्या आत. त्याच्या वर गेलं की प्रत्येक गोष्ट महाग होत जाते, कूलर, एसएमपीएस, यूपीएस, बिल, आणि दुपारची झोप पण.

प्रोसेसरमध्ये हे सगळ्यात सोपं आहे कारण कंपन्यांनी शेवटचे चार-पाच टक्के विकायला वीज अक्षरशः उधळलीये. चिपची वीज वेगाबरोबर वाढते आणि व्होल्टेजच्या तर वर्गाने वाढते, आणि वरचा वेग गाठायला व्होल्टेज वाढवावंच लागतं, त्यामुळे शेवटच्या टप्प्यात वेग चमचाभर आणि उष्णता बादलीभर असा हिशेब होतो. एएमडीचे रायझन ७६०० आणि ७६००एक्स बघा, दोन्ही सहा कोअरचे, पहिल्याची मर्यादा ८८ वॅट आणि दुसऱ्याची १४२, फरक जाणवायला स्टॉपवॉच लागतं. ७९५०एक्स सारखा सोळा कोअरचा राक्षस कारखान्यातून २३० वॅटच्या मर्यादेवर येतो, पण बायोसमध्ये (पीसी सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) ६५ वॅटचा इको मोड लावला की तो ८८ वॅटमध्ये बसतो (६५ हा कागदावरचा आकडा, खरी मर्यादा ८८) आणि सगळे कोअर लावणाऱ्या कामात पण साधारण तीन-चतुर्थांश काम तरी करतोच. एएमडी म्हणते की ७००० सिरीज ९५ डिग्रीला चालायलाच बनवलीये, आणि ते खरं आहे, चिपला काही होत नाही. पण ती उष्णता चिपमधून निघून माझ्याच खोलीत येते ना, तिचं काय करू.

इंटेलचं म्हणाल तर १३९००के आणि १४९००के ह्यांची अधिकृत मर्यादा २५३ वॅट, आणि बरेच मदरबोर्ड तर ती पण न पाळता सुटायचे. २०२४ मध्ये तेराव्या-चौदाव्या पिढीच्या अस्थिरतेचं जे प्रकरण निघालं ते सगळ्यांना माहीत आहे, मायक्रोकोड, म्हणजे चिप चालवणारा तिच्या आतला छोटा प्रोग्राम, चिपसाठी गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होता, ऑगस्टमध्ये दुरुस्त मायक्रोकोड आला आणि इंटेलने वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. अजूनही बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, जुना स्टॉक मिळतो, "ऑफर है भाऊ" म्हणून. घेतला तर पॉवर चालू केल्याबरोबर आधी बायोस अपडेट करा, गेम नंतर.

आणि एक छोटी गोष्ट मध्येच सांगतो, इंटेलचे नावाच्या शेवटी एफ असलेले प्रोसेसर, म्हणजे आत ग्राफिक्स नसलेले, हजार-दीड हजार वाचतात म्हणून लोक डोळे मिटून घेतात. मी घेत नाही. ग्राफिक्स कार्ड रिपेअरला गेलं की तीन आठवडे पीसी म्हणजे टेबलावर ठेवलेला पेपरवेट.

ग्राफिक्स कार्डात निर्णय जास्त अवघड आहे, इथे खरोखर देवाणघेवाण आहे. आरटीएक्स ४०६० म्हणजे ११५ वॅट आणि ८ जीबी मेमरी, त्याच्या आधीचं आरटीएक्स ३०६० म्हणजे १७० वॅट आणि १२ जीबी. फक्त गेम खेळणाऱ्याला मी ४०६० सांगेन, ५५ वॅट कमी म्हणजे मे महिन्यात कानाला आणि घामाला दोन्हीला फरक पडतो. पण घरच्या घरी एआय मॉडेल चालवायचे असतील किंवा ब्लेंडर ह्या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये मोठे सीन उघडायचे असतील तर जुनं १२ जीबीवालं चांगलं, कारण मेमरी संपली की कार्ड एकतर रांगायला लागतं, नाहीतर कामच होत नाही. उष्णता सहन करता येते, कमी मेमरीवर इलाज नाही. वरच्या टोकाला आरटीएक्स ४०९० चे ४५० वॅट आणि ५०९० चे ५७५ वॅट, ह्याबद्दल मी एवढंच म्हणतो की ज्याला परवडतं त्याने आधी खोलीला एसी लावावा आणि मग पॉवर लिमिटचा स्लायडर ७५ टक्क्यांवर आणून बघावा, फ्रेम फारशा कमी होत नाहीत आणि शंभरावर वॅट वाचतात. पीसीत गेलेला प्रत्येक वॅट शेवटी खोलीत उष्णता म्हणूनच येतो, आणि एसीला ती बाहेर फेकायला परत वीज लागते, तीनशे वॅटला ढोबळमानाने शंभर.

विदर्भात बहुतेकांकडे खोलीला डेझर्ट कूलर असतो आणि त्याचा विचार कुठल्याच रिव्ह्यूमध्ये नसतो हे उघड आहे. कूलरची हवा एका बाजूने आत येते आणि समोरच्या उघड्या खिडकीतून बाहेर जाते, म्हणजे पीसी जर त्या खिडकीच्या बाजूला ठेवला तर त्याची गरम हवा तुमच्या अंगावर न येता सरळ बाहेर निघून जाते, फुकटचा एक्झॉस्ट. पण लोक उलट करतात, "गरम होतो बिचारा" म्हणून कूलरच्या तोंडासमोरच ठेवतात. मग पॅडवरून येणारे बारीक थेंब, त्यात बोअरच्या पाण्याचे क्षार, आणि दोन महिन्यांत हीटसिंकच्या पात्यांवर पांढरा थर. हाताने खरवडावा लागतो, ब्लोअरने निघत नाही. कॅबिनेट घेताना पुढे जाळी पाहिजे आणि जाळीला काढता येणारा डस्ट फिल्टर पाहिजे, बाकी आरजीबी किती आहे ह्याने मला काही फरक पडत नाही, असले तर असोत बिचारे दिवे. पण पुढची बाजू काचेने बंद असलेलं कॅबिनेट नागपुरात घेणं म्हणजे मला तरी कळत नाही काय विचार असतो.

लिक्विड कूलिंगवाल्यांशी माझं जुनं भांडण आहे. पाणी असलं म्हणून ते खोलीच्या तापमानाच्या खाली जात नाही, शेवटी तो रेडिएटर पण ३८ च्याच हवेने थंड करायचाय. मोठ्या चिपला थोड्या वेळाच्या लोडसाठी फायदा आहे, नाकारत नाही. पण त्यात पंप आहे, जो कधीतरी मरतो, आणि नळीच्या रबरातून पाणी वर्षानुवर्षं हळूहळू उडत जातं, गरमीत जास्त. शंभर-दीडशे वॅटच्या प्रोसेसरला थर्मलराईटच्या पीअरलेस असॅसिनसारखा दुहेरी टॉवरचा एअर कूलर बास झाला, त्यात बिघडण्यासारखे फक्त फॅन असतात आणि ते कुठेही मिळतात.

आता एसएमपीएस. ह्याच्यावर मी लग्नात पण बोलतो असं बायको म्हणते. कॅबिनेटसोबत फुकट येणारा, वर ४५० वॅट छापलेला हलका डबा हा त्याच्या लेबलइतकं कधीच देत नाही, तो उचलून बघितला तरी कळतं. पण ब्रँडेडमध्ये पण लोक फक्त ८० प्लसचा रंग बघतात, ब्रॉन्झ का गोल्ड. तो रंग म्हणजे फक्त किती वीज वाया जाते ह्याचं सर्टिफिकेट, आणि ती टेस्ट होते २३ डिग्रीच्या आसपास. २०० वॅटच्या लोडला ब्रॉन्झ ८५ टक्के आणि गोल्ड ९० टक्के धरला तर भिंतीतून २३५ आणि २२२ वॅट जातात, फरक १३ वॅट, रोज आठ तास चालवला तरी वर्षाला ३८ युनिट. तेवढ्यासाठी दोन-तीन हजार जास्त देऊ नका. मी बघतो ते दुसरंच, पूर्ण वॅट किती तापमानापर्यंत देण्याची हमी आहे, ४० डिग्री का ५०, हे स्पेसिफिकेशनच्या पानावर खाली कुठेतरी बारीक लिहिलेलं असतं. आणि कपॅसिटर ८५ डिग्रीचे आहेत का १०५ चे, कारण दर १० डिग्री वाढीला कपॅसिटरचं आयुष्य साधारण निम्मं होतं. ५० डिग्रीची हमी असलेला ब्रॉन्झ मी ४० वाल्या गोल्डच्या आधी घेईन. वॉरंटी किती वर्षांची आहे हे पण बघा, कंपनीला स्वतःच्या मालावर किती भरवसा आहे ते तिथे कळतं.

हाच निम्म्याचा नियम यूपीएसच्या लेड-ॲसिड बॅटरीला पण लागतो, ती २५ डिग्रीला मोजलेली असते. म्हणून आपल्याकडे "दोन उन्हाळ्यांत बॅटरी गेली" हे गाऱ्हाणं घरोघरी. यूपीएस पीसीच्या गरम हवेपासून लांब, जमिनीवर ठेवा, त्याच्यावर वह्या-पुस्तकं रचू नका. आणि ६०० व्हीएचा (व्होल्ट-अँपिअरचा) यूपीएस म्हणजे ६०० वॅट नव्हे, बहुतेक वेळा ३६० वॅट. आतली बॅटरी १२ व्होल्ट ७ एएच, म्हणजे सगळी मिळून ८४ वॅट-तास. दीडशे वॅटवर नवी असताना दहा-पंधरा मिनिटं, सेव्ह करा आणि बंद करा एवढंच तिचं काम. इथे पण वॅटचंच गणित, ज्याचा पीसी ३०० च्या आत त्याला हा साधा यूपीएस पुरतो, ४५० वाल्याला एक हजार व्हीएच्या वरचा लागतो आणि किंमत दुपटीच्या पुढे जाते.

घरात इन्व्हर्टर असेल तर वेगळा यूपीएस घ्यावा का, हा प्रश्न खूप जण विचारतात. बऱ्याच इन्व्हर्टरला मागे किंवा पुढे एक बटण असतं, यूपीएस मोड आणि नॉर्मल किंवा इको मोड, आणि बसवणारा माणूस ते नॉर्मलवर ठेवून जातो. नॉर्मल मोडमध्ये लाईट गेल्यावर बॅटरीवर यायला ४० मिलिसेकंदांपर्यंत लागू शकतात, यूपीएस मोडमध्ये साधारण १०. चांगला एसएमपीएस भिंतीतली वीज गेल्यावर स्वतःच्या पोटातल्या साठ्यावर साधारण १६-१७ मिलिसेकंद दम धरतो. १० मध्ये निभावतं, ४० मध्ये पीसी रिस्टार्ट. बटण फिरवायला पैसे लागत नाहीत. फक्त यूपीएस मोडमध्ये इन्व्हर्टर साधारण १८० ते २६० व्होल्टच चालवून घेतो, त्याच्या बाहेर गेलं की लगेच बॅटरीवर जातो, त्यामुळे जिथे व्होल्टेज संध्याकाळी १६० ला येतं त्या गावांत बॅटरी सतत वापरली जाणार. तिथे स्टॅबिलायझरचा वेगळा खर्च धरा. आणि इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्ह असेल तर ॲक्टिव्ह पीएफसी (वीज सुरळीत ओढणारं सर्किट) असलेला नवा एसएमपीएस त्याच्यावर कुरकुरतो, कधी कधी बंदच पडतो. प्युअर साईन वेव्ह घ्या, जास्तीचे पैसे फॅनची घूं-घूं बंद होण्यातूनच वसूल होतात.

अर्थिंगबद्दल तर वेगळी पोस्ट लिहायला पाहिजे. कॅबिनेटला उघडा पाय लागला की झिणझिण्या येतात ना, ते "स्टॅटिक" नसतं. एसएमपीएसच्या फिल्टरमध्ये दोन छोटे कपॅसिटर असतात, एक फेजवरून बॉडीला, एक न्यूट्रलवरून बॉडीला. अर्थिंग असेल तर जे काही येतं ते जमिनीत जातं. नसेल तर बॉडी मध्येच लोंबकळते, २३० च्या निम्म्यावर, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास. करंट नगण्य असतो, माणूस मरत नाही, पण त्याच पीसीत एचडीएमआयची वायर लावून दुसरं टोक केबलवाल्याच्या डबड्याला जोडलेल्या टीव्हीत घातलं की तो करंट पोर्टातून रस्ता काढतो. पोर्ट जळाल्यावर मग दुकानदार म्हणतो फिजिकल डॅमेज, वॉरंटी नाही. जुन्या घरांत सॉकेटला तिसरं भोक असतं पण मागे वायरच नसते. इलेक्ट्रिशियनला मल्टिमीटर लावायला सांगा, फेज ते अर्थ २३० च्या जवळ आणि न्यूट्रल ते अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत पाहिजे. आणि अर्थिंगचा खड्डा असेल तर उन्हाळ्यात त्यात बादलीभर पाणी ओतत जा, माती कोरडी पडली की अर्थिंग नावालाच उरतं. हे आजोबांना माहीत होतं, गेमिंग चॅनेलवाल्यांना नाही.

एसएसडीत मी लवकर आटोपतो. पाचव्या पिढीच्या एनव्हीएमईवर (बोर्डावर थेट बसणाऱ्या वेगवान एसएसडीवर) छापलेले १२-१४ हजार एमबी प्रति सेकंद हे मोठी फाईल सलग वाचताना. विंडोज सुरू होणं, ब्राउझर उघडणं, ह्यात छोट्या छोट्या विखुरलेल्या वाचण्या असतात आणि तिथे सगळ्याच एसएसडी शंभरेक एमबीच्या खालीवर घुटमळतात. पहिल्या फळीच्या त्या ड्राईव्ह इतक्या तापायच्या की मोठा हीटसिंक सक्तीचा, काहींवर तर चिमुकला फॅन. आपल्या हवेत नकोच. चौथ्या पिढीची, टीएलसी (एका पेशीत तीन बिट) असलेली, मधल्या किमतीची घ्या. क्यूएलसी (एका पेशीत चार बिट) स्वस्त पडते, पण तिचा कॅशे, म्हणजे वेगवान तात्पुरती जागा, भरला की मोठी कॉपी जुन्या हार्ड डिस्कच्या वेगाला येते, गेम ठेवायला चालेल, व्हिडिओ एडिटिंगला नाही. आणि लग्नाचे फोटो एसएसडीत भरून कपाटात वर्षानुवर्षं ठेवू नका. मेमरीची मानकं ठरवणाऱ्या जेडेक संस्थेचं मानक घरगुती एसएसडीकडून, ती पूर्ण वापरून झिजलेली असताना, वीज न देता ३० डिग्रीला एक वर्ष डेटा टिकवण्याची अपेक्षा करतं. नवी ड्राईव्ह खूप जास्त टिकवते हे खरं, पण तापमान वाढलं की हा काळ घटत जातो, आणि पत्र्याखालच्या माळ्यावर मे महिन्यात किती असतं ते तुम्हीच मोजा. त्या कामाला साधी हार्ड डिस्क, आणि एक नाही, दोन, वेगवेगळ्या घरांत.

प्रोसेसरमध्ये जे पैसे वाचले ते मी मॉनिटरमध्ये घालायला सांगतो, आणि त्यात माझा स्वार्थ असा की मी दिवसभर मराठी वाचतो. २४ इंची फुल एचडी म्हणजे एका इंचात ९२ पिक्सेल. इंग्रजी चालून जातं. देवनागरीत शिरोरेषेच्या वर रफार, मात्रा, अनुस्वार एकमेकांच्या डोक्यावर बसतात, खाली उकार आणि र लागलेली जोडाक्षरं, आणि बारा पॉइंटला "सर्वांत" मधला रफार कुठला आणि अनुस्वार कुठला हे अंदाजाने वाचावं लागतं. २७ इंची फोर-के म्हणजे १६३ पिक्सेल, विंडोजमध्ये १५० टक्के स्केलिंग लावलं की अक्षर छापल्यासारखं दिसतं. फोर-केवर गेम चालवायला महागडं कार्ड लागेल असं लोक म्हणतात, तर गेम १४४० ला चालवा की, कोण अडवतंय, पण वाचायला पिक्सेल पाहिजेत. ओएलईडी सुंदर आहे, काळा म्हणजे खरंच काळा. पण बऱ्याच पॅनलमध्ये लाल-हिरवे-निळे ठिपके नेहमीच्या ओळीत नसतात आणि विंडोजचं क्लिअरटाईप, म्हणजे अक्षरं गुळगुळीत दाखवायची सोय, ती ओळ गृहीत धरतं, त्यामुळे बारीक अक्षरांना रंगीत कडा दिसतात. दिवसभर टेक्स्ट असेल तर आयपीएसच, म्हणजे साधं चांगलं एलसीडी पॅनल.

लॅपटॉपवाले म्हणतील आमचं काय. तुमच्याकडे बॅटरी म्हणजे यूपीएस आतच आहे, आणि वॅटची शिस्त कंपनीनेच लावलीये, त्यामुळे वरचं निम्मं तुम्हाला लागूच नाही. फक्त एवढं बघा की आरटीएक्स ४०६० लिहिलेला लॅपटॉप ३५ वॅटचा पण असतो आणि ११५ वॅटचा पण असतो, स्टिकर तोच. दुकानात विचारलं तर सांगत नाहीत, कंपनीच्या वेबसाईटवर टीजीपी म्हणून आकडा शोधा.

रॅमबद्दल खरं तर मी वर्षभरापूर्वी एकच ओळ लिहिली असती, ३२ जीबी घ्या आणि विसरा. आता तसं म्हणवत नाही. एआयच्या डेटासेंटरांनी मेमरीचा सगळा माल ओढून घेतलाय, २०२५ च्या शेवटी भाव भडकले आणि डिसेंबरात मायक्रॉनने तर क्रूशियल हा घरगुती ग्राहकांचा ब्रँडच बंद करायचं जाहीर केलं. त्यामुळे आता तडजोड करावीच लागणार. वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर सध्या १६ जीबीची एकच स्टिक घेऊन दुसरी जागा रिकामी ठेवली तरी चालेल, थोडा वेग जाईल. पण प्रोसेसरमधल्याच ग्राफिक्सवर चालवणार असाल तर हे करू नका, त्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते रॅमच्या दोन्ही चॅनेलवर जगतं, तिथे आठ-आठच्या दोनच पाहिजेत. आणि ज्यांच्याकडे एएम४ (एएमडीचं जुनं सॉकेट) चा बोर्ड आणि डीडीआर४ रॅम धडधाकट चालू आहे त्यांनी ह्या वर्षी जागचं हलू नये, वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर जुना प्रोसेसर काढून ५७००एक्स टाका, कागदावर ६५ वॅटचा आहे, बायोस आधी अपडेट करा, आणि उरलेल्या पैशांत इलेक्ट्रिशियनला बोलवा.